आधी धूर, मग आलू, शेवटी अंडं

पवनारात बसून डुकराच्या धुरावलेल्या मांसाचं ऑम्लेट करायचं म्हणजे थोडं आगाऊपणाचंच काम. वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की धाम नदीकाठी हे गाव लागतं. नदीला लागून टेकाडावर विनोबांचा परंधाम आश्रम. प्रकृती सुधारावी म्हणून विनोबा १९३८ साली इथं आले आणि १५ नोव्हेंबर १९८२ला इथंच त्यांनी देह ठेवला. १९५९मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी सुरू केलेलं ब्रह्मविद्या मंदिरही इथंच. आश्रमाचं जेवण शुद्ध शाकाहारी. आश्रमाबाहेरचं गाव मात्र चारचौघांसारखं: सोमवार-गुरुवार पाळणारं, आणि बाकीच्या दिवशी कोंबडी शिजवणारंही.

तरीही अंडं हा विषय या मुलखाला परका नाही. अंडं खावं की खाऊ नये यावर इथल्या सर्वांत प्रसिद्ध रहिवाशानं जन्मभर विचार केला होता. गांधीजी १९३४मध्ये वर्ध्यात आले आणि १९३६पासून शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहू लागले. पण त्यांचं अंडंप्रकरण त्याच्या कितीतरी आधीचं. लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास करताना त्यांना आहाराच्या प्रयोगांचं वेड लागलं होतं. पिष्टमय पदार्थ वर्ज्य करा, असं सांगणाऱ्या एका सुधारकानं अंड्यांची फार तारीफ केली होती. अंडी खाल्ल्यानं कुठल्या जिवाला इजा होत नाही, ही पुस्ती वर होतीच. तरुण मोहनदास त्याला भुलले आणि काही दिवस, पुरता पंधरवडाही नाही, अंडी खाल्ली. मग मनात आलं, आईला दिलेल्या वचनात ‘मांस’ म्हणजे काय हे ठरवायचं कुणी? आईच्या लेखी अंडं मांसातच जमा होतं. प्रयोग तिथेच संपला.

पुढे १९०२मध्ये मुंबईत दहा वर्षांचा मणिलाल विषमज्वरानं फणफणला, तेव्हा पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचं सूप द्यायला सांगितलं. बापानं नकार दिला, पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, आणि मुलगा वाचला. वाचताना आजही अंगावर काटा येतो. कौतुकानं की रागानं, हे मला ठरवता येत नाही.

गंमत पुढेच आहे. १९४२मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत असताना याच माणसानं आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की कोंबड्याचं तोंडही न पाहिलेली कोंबडी अंडं घालते, त्या अंड्यातून पिल्लू कधीच होत नाही. तेव्हा ज्याला दूध चालतं त्याला असं निर्जीव अंडं चालायला हरकत नसावी. त्यांनी स्वतः ते खाल्लं नाही, हा भाग वेगळा. पण जीवशास्त्र अचूक पकडलं होतं. कोंबडीच्या अंगात अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास लागतात. त्यातले वीसेक तास नुसत्या कवचावर जातात. या सगळ्या कारभारात कोंबड्याची गरज कुठेच पडत नाही. आज वर्ध्याच्या दुकानात ट्रेमध्ये रचलेली पोल्ट्रीची अंडी दिसतात, ती सगळी याच जातीची. गावरानी अंड्याची मात्र खात्री देता येत नाही, कारण गावरानी कोंबड्यावर कुणाचा ताबा नसतो.

आता पदार्थाकडे. युरोपातल्या थंड मुलखात शेतकऱ्याच्या घरी एक जाडजूड ऑम्लेट होतं. जर्मनीत त्याला ‘बाउअर्नफ्र्यूश्टुक’ म्हणतात, म्हणजे शेतकऱ्याची न्याहारी. फ्रान्सच्या डोंगराळ भागात त्याचे सख्खे भाऊ आहेत. स्पेनमध्ये मांसाविना, नुसत्या बटाट्याचं करतात. उरलेला उकडलेला आलू, खुंटीवर टांगलेल्या धुरावलेल्या मांसाचा तुकडा, कांदा आणि घरची अंडी: घरात जे आहे त्यातून दुपारपर्यंत नांगर धरायची ताकद काढायची. हॉटेलातल्या नाजूक, घडी घातलेल्या ऑम्लेटशी याचा संबंध नाही. हे दोन बोटं जाड असतं आणि सुरीनं कापून खातात.

हे वाचून ‘युरोपचा अस्सल पदार्थ’ म्हणायचा मोह होतो, पण त्यातला आलू आला दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातून, सोळाव्या शतकात. कोंबडी गेली आशियातून. आपला लाल रानकोंबडा तिचा पूर्वज. एक पश्चिमेकडून पूर्वेला आला, दुसरी पूर्वेकडून पश्चिमेला गेली, आणि दोघांची गाठ पडली कुणा शेतकऱ्याच्या तव्यावर.

आपल्याकडे याच्या सगळ्यांत जवळ जातं ते गोव्याचं चोरीस घातलेलं ऑम्लेट. चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, पोर्तुगिजांनी आणलेलं आणि गोव्यानं आपलं करून टाकलेलं. मांस आणि चरबीचे बारीक तुकडे मिठात दाबून ठेवतात, मग लाल मिरची, लसूण, आलं, जिरं, मिरी, दालचिनी, लवंग हे सगळं माडाच्या ताडीच्या शिरक्यात वाटून त्यात मुरवतात. आतड्यात भरून, थोड्याथोड्या अंतरावर दोऱ्याच्या गाठी मारून त्याच्या माळा करतात. त्या उन्हात वाळवायच्या आणि धुरावर धरायच्या. गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी ओली की मीठसुद्धा पाझरतं. तेव्हा मे महिना सरायच्या आत पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, म्हणून घरात सुकी मासळी, मिरच्या आणि या माळा भरून ठेवायच्या. (वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण ताडीतली दारू जिवाणूंनी आंबवून तिचं आम्ल केलं की तिला कुणी अडवत नाही. कायद्यालाही रसायनशास्त्र कळतं म्हणायचं!)

या पदार्थाचं सगळं मर्म क्रमात आहे. आधी मांस, मग आलू, शेवटी अंडं. क्रम उलटा केला की पदार्थ बिघडतो, आणि का बिघडतो ते पाहू लागलं की तव्यावरून नजर हलत नाही.

पहिला धूर. लाकूड नीट पेट घेत नाही, नुसतं धुमसतं, तेव्हा त्यातले मोठमोठे रेणू तुटतात. लाकडाला ताठपणा देणारा घटक म्हणजे लिग्निन. तो तुटला की ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल नावाचे रेणू सुटतात. आपण ज्याला ‘धुराचा वास’ म्हणतो तो मुख्यतः यांचाच. सेल्युलोज तुटून निघालेले रेणू मांसाच्या पृष्ठभागाला तांबूस-तपकिरी रंग देतात. धुरातली आम्लं आणि हे फिनॉल जिवाणूंना रोखतात, चरबी खवट होऊ देत नाहीत. पण धूर आत फार खोल शिरत नाही. मांस टिकवण्याचं मुख्य काम मीठ आणि वाळवणच करतात. धूर दारावरचा पहारेकरी.

आणि इथं मला वर्ध्याची आठवण आल्यावाचून राहत नाही. ज्या धुरासाठी गोव्यात माळा टांगतात, त्याच धुराला स्वयंपाकघरातून हाकलण्यासाठी वर्ध्याच्या मगनवाडीत खटपट चालली होती. १९३४मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम जे. सी. कुमारप्पा इथून चालवत. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांच्या जोडीनं तिथं चुलीवरही विचार झाला आणि धूर बाहेर काढून देणारी ‘मगन चूल’ तयार झाली. सुधारित चुलींचा देशातला इतिहास बहुधा तिच्यापासूनच सांगितला जातो. दोघांचंही बरोबर होतं. धुरातले जे रेणू मांस टिकवतात त्यांच्याच सोबतीनं डोळे आणि फुप्फुसं नासवणारे, कर्करोगाला आमंत्रण देणारे रेणूही येतात. रोज तीन-तीन तास चुलीपुढं बसणाऱ्या बाईला ग्वायाकॉलचं कौतुक कोण सांगणार? धुराची चव आठवड्यातून एकदा मांसावर घ्यावी, रोज छातीत घेऊ नये.

तर तवा. बिडाचा असेल तर उत्तम. वर्षानुवर्षं तेल पिऊन त्यावर जो काळा गुळगुळीत थर बसलेला असतो, त्याला अंडं चिकटत नाही. चौघांसाठी सहा अंडी, तीन मध्यम आलू, एक मोठा कांदा आणि चोरीसच्या पाच-सहा गाठी किंवा शंभरेक ग्रॅम धुरावलेलं बेकन. चोरीसचं आतडं सोलून आतलं मांस थंड तव्यावर टाकायचं आणि मग गॅस पेटवायचा, तोही बारीक. आच मोठी असेल तर बाहेरून करपतं आणि आतली चरबी आतच राहते. बारीक आचेवर चरबी हळूहळू वितळून बाहेर येते, आणि पाच मिनिटांत तव्यावर केशरी-लाल तळं होतं. हा रंग मिरचीचा. मिरचीचा लाल रंग पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतो. धुराचे सुगंधी रेणूही पाण्यापेक्षा चरबीत सुखानं राहतात. म्हणून मांस आधी. आता या चरबीत जे जे पडेल त्याला धूर आणि मिरची दोन्ही आपसूक लागतील. मांस अंड्यात नंतर टाकलं असतं तर धूर त्या तुकड्यांपुरताच राहिला असता.

मांसाचे तुकडे काढून बाजूला ठेवा, चरबी तव्यावरच राहू द्या. पण लगेच आलू टाकायचे नाहीत. चोरीसमध्ये शिरका आहे. आमटीत चिंच आधी पडली की बटाटा शिजता शिजत नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. कारण आलूच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन आम्लात विरघळत नाही, घट्ट धरून राहतं. शिरक्याचा नाकात चढणारा झणका उडून जाईपर्यंत चरबी तापू द्यावी. नाहीतर सरळ आलू आधी अर्धवट उकडून घ्यावेत. शेतकऱ्याच्या घरी तर ते रात्रीचेच उरलेले असायचे.

आता कान द्या. आलूत पाच भागांतले चार भाग पाणी असतं. पातळ फोडी चरबीत पडल्या की तडतडाट सुरू होतो. तो पाण्याची वाफ होण्याचा आवाज. जोवर हा आवाज जोरात आहे तोवर फोडीचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जाऊ शकत नाही, कारण आलेली सगळी उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते. आतमध्ये मात्र साठ ते सत्तर अंशांच्या दरम्यान स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि आलू कच्च्याचा पिठूळ होतो. आवाज बारीक झाला की समजावं, वरचा थर कोरडा होतोय. आता कुठं तापमान एकशेचाळीसच्या आसपास जातं, शर्करा आणि अमिनो आम्लांची गाठ पडते, आणि तो खमंग तपकिरी रंग धरतो. घाई करणारा इथंच फसतो, कारण रंग यायच्या क्षणालाच त्याला वाटतं की आता तव्यात काही घडत नाहीये, आणि तो सराटा घेऊन ढवळत सुटतो.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण. फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेला आलू पुढे कित्येक महिने शीतगृहात राहतो. थंडीत तो आपला स्टार्च मोडून साखर करतो. असा आलू चवीला किंचित गोड लागतो आणि तव्यावर पाहता पाहता काळपट होतो. त्याला दोन-तीन आठवडे घरच्या हवेत, अंधारात राहू दिलं की बरीचशी साखर तो पुन्हा स्टार्चमध्ये बदलतो. पोत्यात पडलेला कंद गुपचूप स्वतःची रसायनं उलटसुलट करत बसतो, ही गोष्ट मला अंतराळयानाहून कमी अद्भुत वाटत नाही.

कांदा आलूच्या मागून टाकावा, कारण त्यात साखर जास्त आणि तो आधी करपतो. दोन्ही सोनेरी झाले की आच बंद करून जरा निवू द्या. आता अंडं.

अंड्याचा पांढरा भाग नव्वद टक्के पाणी, उरलेला मुख्यतः प्रथिनं. आणि तरीही तो तापवला की घट्ट होतो! जगातला जवळपास प्रत्येक पदार्थ उष्णतेनं सैल होतो, लोणी वितळतं, साखर पाझरते, भाजी मऊ पडते. अंडं उलट वागतं. ही प्रथिनं सुताच्या गुंड्यांसारखी घट्ट गुंडाळलेली, एकमेकांना न शिवता पाण्यात तरंगत असतात. उष्णता लागली की गुंड्या उलगडतात, सुटे धागे एकमेकांत अडकतात, आणि पाहता पाहता जाळं विणलं जातं. पाणी कुठंही गेलेलं नसतं. जाळ्यात अडकलेलं असतं. पांढऱ्यातलं एक प्रथिन साठ-बासष्ट अंशांनाच उलगडतं, पण त्यात सर्वांत जास्त असलेलं ओव्हाल्ब्युमिन ऐंशीपर्यंत दम धरतं. पिवळा बलक पासष्ट ते सत्तरच्या दरम्यान आळतो. म्हणजे ऑम्लेट ‘होणं’ हा एक क्षण नसून पायऱ्या आहेत, आणि चांगला स्वयंपाकी मधल्या पायरीवर थांबतो. त्याच्या पुढे गेलं की जाळं आवळत जातं आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतं. करपट ऑम्लेटच्या खाली ताटलीत जे पाणी सुटतं ते हेच.

आता क्रमाचं दुसरं कारण दिसतं. आलूला एकशेचाळीस अंश हवेत, अंड्याला सत्तर-ऐंशीच. दोघांना एकाच वेळी तव्यावर टाकलं तर एकाला न्याय देताना दुसऱ्यावर अन्याय होतो. म्हणून आलू आपलं काम संपवून येतो, अंडं शेवटी. फेटलेल्या अंड्यात मीठ थोडं आधीच घालावं, त्यानं प्रथिनांचं जाळं मऊ विणलं जातं. मीठ बेतानं, चोरीस आधीच खारट आहे. कोमट आलू-कांदा, मांसाचे तुकडे, कोथिंबीर अंड्यात मिसळून पाच मिनिटं तसंच ठेवायचं. आलूतून सुटलेला स्टार्च अंड्याच्या धाग्यांमध्ये शिरतो आणि ते फार आवळू देत नाही. मग सगळं मिश्रण त्याच चरबीच्या तव्यावर. कड आळू लागली की आच अगदी बारीक, वर झाकण. सात-आठ मिनिटांत मध्यभाग जेमतेम डुलता राहिला की तव्यावर सपाट ताट पालथं घालायचं, एका झटक्यात उलटायचं आणि कच्ची बाजू खाली करून परत सरकवायचं. इथं सराटा कामाचा नाही. हात कापडात गुंडाळायला विसरू नका.

कापल्यावर रंग पाहा. बलकाचा पिवळा आणि मिरचीचा लाल, दोघंही कॅरोटिनॉइड घराण्यातले. कोंबडी हा रंग स्वतः बनवू शकत नाही. मका, गवत, पाला खाऊन तो तिच्यात उतरतो. गावरानी अंड्याचा बलक गडद दिसतो तो तिनं परसात जे टिपलं त्यामुळे. त्यावरून ते अंडं जास्त पौष्टिक ठरत नाही, एवढं खरेदी करताना लक्षात असू द्यावं. गावरानीचा भाव उगाच चढतो त्यात या रंगाचा हात आहे.

आणि ज्यांना हे काहीच चालत नाही त्यांचं काय? पवनारात हा प्रश्न टाळता येत नाही. उत्तरासाठी जरा मागे जाऊ. नागपूर विद्यापीठानं १९६७मध्ये इथं उत्खनन केलं. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींचं मत होतं. सगळ्यांना ते मान्य नाही. राजधानी असो की नसो, त्या काळच्या इथल्या कुठल्याही चुलीवर आलू, मिरची, टोमॅटो यांतलं काही नव्हतं. हरभरा मात्र होता. दख्खनच्या मातीत तो हजारो वर्षांपासून आहे.

महाराष्ट्रात ज्याला बिनदिक्कत ‘टोमॅटो ऑम्लेट’ म्हणतात त्यात अंडं नसतं, बेसन असतं. मला हे पूर्वी नकली वाटायचं. आता वाटत नाही. बेसनात पाचवा हिस्सा प्रथिनं आणि त्याहून कितीतरी जास्त स्टार्च. म्हणजे तव्यावर अंडं जे करतं आणि आलू जे करतो, ती दोन्ही कामं हे एकटं पीठ करतं: स्टार्च पाणी शोषून फुगतो, प्रथिनं आळतात. फरक एवढाच की हरभऱ्याची प्रथिनं अंड्याच्या मानानं बरीच उशिरा, अधिक तापल्यावर आळतात, म्हणून बेसनाला अंड्याइतकी हलकी आच चालत नाही. कमी शिजलं तर कच्चट वास राहतो. अंड्याला जपायचं असतं, बेसनाला भाजून काढायचं असतं.

धुरासाठी डुकराची गरज नाही. विदर्भात भरताचं वांगं तुराट्यांवर किंवा कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजतात. तुराटीही लाकूडच, तिच्यातही लिग्निन आहे, आणि तेच ग्वायाकॉल वांग्याच्या सालीतून गरात उतरतं. असं भाजलेलं वांगं कुस्करून, खरपूस परतलेल्या आलूच्या फोडी, कांदा, तिखट, ओवा आणि चमचाभर दही घालून बेसन सरसरीत भिजवावं. दहा मिनिटं मुरू द्यावं, म्हणजे पीठ पाणी पिऊन घेईल आणि तव्यावर तडा जाणार नाही. तेल सढळ, आच मध्यम, झाकण पहिल्या बाजूलाच. दुसरी बाजू उघडीच भाजायची, नाहीतर वाफेनं ती पुन्हा ओली पडते.

वांगं भाजायचं ते अंगणात. मगनवाडीच्या लोकांनी एवढ्या खटपटीनं घराबाहेर काढलेला धूर पुन्हा आत घेण्यात अर्थ नाही.